सानिकाच्या आईचा पाट

कल्पना,

शाळेने माझ्याकडे तुझ्यावर चार ओळी मागितल्या आहेत. काळ्या ग्रॅनाइटच्या पाटीवर कोरायच्या आहेत, म्हणून चारच. "गोखले मॅडम, तुम्ही तिच्या जवळच्या," असं मोठ्या बाई म्हणाल्या आणि मी मान डोलावली. मुख्याध्यापिकेच्या खोलीत मी बावीस वर्षं मान डोलावत आलेय, हे तूच मला एकदा सुनावलं होतंस. तीन आठवडे झाले, चार ओळी होत नाहीत. 'हाडाची कलाशिक्षिका' असं लिहिते आणि खोडते. 'विद्यार्थिप्रिय' लिहिते आणि खोडते. खरं सांगायचं तर मला तुझा राग आलाय, आणि तो पाटीवर मावणारा नाही.

पहिला राग गोळ्यांचा. बीपीच्या गोळ्या तू पर्समध्ये घेऊन फिरायचीस, पोटात घ्यायची नाहीस. मी डबा उघडला की विचारायचे, "गोळी घेतलीस?" तू म्हणायचीस, "गोखले, तू गणित शिकव." झालं समाधान? रविवारी सकाळी तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तो म्हणाला, "ताई गेली." मी विचारलं, "कुठे?" इतकं मूर्खासारखं मी आयुष्यात कधी काही विचारलं नसेल.

दुसरा राग तुझ्या तासांचा. नववीचे चित्रकलेचे तास मी दर वर्षी दिवाळीनंतर तुझ्याकडून मागून घ्यायचे. मागून म्हणजे काय, घ्यायचेच. बीजगणित पुरं होत नाही, पुढच्या वर्षी बोर्ड आहे, पालक विचारतात. आपलं शेवटचं बोलणंही त्यावरूनच झालं. शुक्रवारी स्टाफरूमच्या दारात मी म्हटलं, "उद्याचा नववी अ चा तास मला दे." तू चपला घालत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "घे. नाहीतरी तू घेणारच." एवढंच. आता तुझे सगळेच तास माझ्याकडे आलेत. तुझ्या जागेवर कोणी येईल असं दिसत नाही. मी फळ्यावर समीकरणं लिहिते आणि मुलं चित्रकलेच्या वह्या बाकावर काढून ठेवतात. उघडत नाहीत, नुसत्या ठेवतात. त्यांना मी काय बोलू?

पण हे सगळं वरवरचं. आपलं खरं भांडण एका पाटावरून होतं. तो विषय आपण दोन वर्षं काढायचा नाही असं न ठरवताच ठरवलं होतं, आणि तू तो तसाच टाकून निघून गेलीस.

त्या वर्षी नववी ब ला तू एक प्रकल्प दिलास. फळ्यावर लिहिलंस, 'घरातल्या एका माणसाकडे आठवडाभर बघा. तो कुठे अडतो ते लिहा. मग त्याच्यासाठी एक वस्तू करा.' पहिला आठवडा नुसतं बघायचं, हातात पेन्सिलसुद्धा धरायची नाही. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "चित्रकलेच्या तासाला चित्र नाही, मग काय पोरं घरी जाऊन आजीकडे टक लावून बसणार?" सगळे हसले. तूही हसलीस आणि म्हणालीस, "हो, तेच."

मग वस्तू यायला लागल्या. एका मुलीच्या आजोबांना मोतीबिंदू होता. तिने त्यांच्या गोळ्यांसाठी तीन कापडी पिशव्या शिवल्या. सकाळच्या पिशवीला एक बटण, दुपारच्याला दोन, रात्रीच्याला तीन. बोटांनी चाचपून कळावं म्हणून. टिटवाळ्याहून येणारा एक मुलगा होता, त्याच्या वडिलांची बोटं कंपनीत प्रेसखाली गेलेली. त्याने डब्याच्या झाकणाला कातडी पट्ट्याची अशी कडी लावली, की एका हाताने झाकण ओढता यावं. दिसायला सगळं ओबडधोबड. फेविकॉलचे ओघळ, वाकडे टाके. तू एकेक वस्तू हातात घेऊन मिटल्या डोळ्यांनी वापरून बघायचीस. नंबर कुणालाच दिला नाहीस, सगळ्यांना 'अ'. त्यावरूनही मी तुझ्याशी भांडले होते.

आणि सानिका कोळी. मोठागावहून यायची, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, माझ्या भूमितीच्या पेपरात चाळीसपैकी नऊ. तिची आई डोंबिवली पश्चिमेला बाजारात मासे विकते. दिवसभर बुटक्या पाटावर बसून, पायाखाली धरलेल्या कोयत्यावर मासे कापायचे, उजवा गुडघा दुमडत नाही म्हणून पाय बाजूला काढून, अंग पिळून बसायचं. सानिकाने आठवडाभर ते बघितलं. मग काकाच्या मोडक्या होडीच्या फळीतून आईसाठी नवा पाट केला. पुढे जरा उतरता, उजव्या बाजूला पाय सरळ सोडता यावा म्हणून खाच, खाली पाणी निथळायला फटी. आणि बसायच्या जागेवर जाळ्याची जुनी दोरी घट्ट विणून गुंडाळलेली, ओल्यात घसरायला होऊ नये म्हणून.

तू तिची वही माझ्यापुढे आणून ठेवलीस. तिने आईची बैठक बाजूने काढली होती, गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं होतं, उताराचा कोन काढला होता. कोन बरोबर होता. मी दोनदा तपासला.

"हीच ना तुझी नापास?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "परीक्षेत का नाही येत मग तिला?"

"परीक्षेत तिची आई नसते," तू म्हणालीस आणि वही घेऊन गेलीस.

तेव्हा मला तुझा हेवा वाटला होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

डिसेंबरात ठाण्याला वर्तकनगरच्या एका शाळेत आंतरशालेय कला प्रदर्शन होतं आणि प्रदर्शनप्रमुख मी. तू फॉर्म भरायची नाहीस, फोटो काढायची नाहीस, तारखा लक्षात ठेवायची नाहीस, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. पाच दिवस आधी मोठ्या बाईंनी वस्तू बघितल्या. पाटाजवळ आल्यावर पदर नाकाला लावला. होडीची फळी ती, दोरीला खाडीचा वास. "हे असं न्यायचं आपण?" एवढंच त्या म्हणाल्या. मला काही करायला सांगितलं नाही. मी आपणहून केलं, हे मला आज लिहून ठेवायचं आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी पाट रिक्षात घालून स्टेशनमागच्या त्या दुकानात नेला, जिथे पालक मुलांचे तयार प्रकल्प करून घेतात. तो माणूस म्हणाला, "मॅडम, दोरी काढावी लागेल, त्यावर सनमायका बसणार नाही." मी म्हटलं, "काढा." सोमवारी पाट चकचकीत होऊन आला. वर सागवानी रंगाचा सनमायका, कडेने वार्निश, पुढे सोनेरी अक्षरांत सानिकाचं नाव. मला तो छान वाटला, कल्पना. खोटं कशाला बोलू?

टेम्पोत सामान चढवताना तू तो बघितलास. बसायच्या जागेवर तळहात ठेवलास आणि विचारलंस, "दोरी?"

"काढली. वास येत होता."

तू सानिकाकडे बघितलंस. ती पाटाकडे बघत होती. तू पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलीस आणि ठाण्यापर्यंत मागे वळली नाहीस.

परीक्षकांनी पाटावरून हात फिरवला. "फिनिशिंग उत्तम आहे," म्हणाले. सानिकाला विचारलं, हे कशासाठी. ती सांगायला लागली, आई बाजारात बसते, गुडघा दुमडत नाही. तोवर ते पुढच्या टेबलाकडे वळले होते. दुसरं बक्षीस मिळालं. शाळेला कलेत बक्षीस मिळायची ती पहिलीच वेळ. तू सानिकासाठी टाळ्या वाजवल्यास, मनापासून वाजवल्यास, ते मी पाहिलं.

परतताना तू पुन्हा पुढे बसायला निघालीस. मी टेम्पोपाशी तुला गाठलं.

"बक्षीस मिळालं की," मी म्हटलं.

"कुणाला?"

"सानिकाला. आणखी कुणाला?"

"सनमायकाला मिळालं," तू म्हणालीस. "बस, उशीर होतोय."

इथपर्यंत तरी आपण दोघी आपापल्या जागी बरोबर होतो असं मी स्वतःला समजावू शकते. पुढचं समजावता येत नाही. दुसऱ्या दिवशी सानिका स्टाफरूमच्या दारात आली. "मॅडम, पाट घरी नेऊ? आईला दाखवायचाय." मोठ्या बाई म्हणाल्या, "बक्षीसपात्र वस्तू शाळेची. इन्स्पेक्शन होऊ दे, मग बघू." पाट ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात गेला, ढाली आणि चषकांच्या मधोमध. इन्स्पेक्शन झालं. वार्षिक स्नेहसंमेलन झालं. प्रवेशाच्या वेळी पालकांना दाखवायला राहू दे असं ठरलं. सानिका दहावीत गेली, परीक्षा देऊन शाळेतून गेलीसुद्धा. तू दोनदा लेखी अर्ज दिलास. तू, जी सुट्टीचासुद्धा अर्ज द्यायची नाहीस. एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस, "गोखले, वस्तू वापरायला केलीय ती. बाईचा गुडघा कपाटात बसलाय."

"संस्थेचा निर्णय आहे," मी म्हटलं. "माझ्या हातात काय आहे?"

"किल्ली कुणाकडे असते गं त्या कपाटाची?"

"ऑफिसात असेल."

"बरं," म्हणालीस आणि गेलीस.

किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. प्रदर्शनप्रमुखाकडेच असते ती, आठ वर्षं माझ्याकडेच आहे. तुझ्यापासून दोन हातांवर. आता मला राहून राहून वाटतं की ते तुला माहीत होतं. तुझं ते 'बरं' मी गेले तीन आठवडे कानात ऐकतेय. त्यात राग होता का? तू माझी कीव केलीस का? आणि माहीत होतं तर ड्रॉवर उघडून घेतली का नाहीस? तुझ्यासारखी बाई, जी फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या ट्रस्टीलासुद्धा 'व्हा बाजूला' म्हणाली होती, ती माझ्या एका ड्रॉवरपाशी का अडली?

मी तुझ्या आयरे गावच्या घरी गेले होते. तुझ्या भावांनी खाली गाळे काढलेत, वर तुमचं घर. लाखांच्या गोष्टी चाललेल्या त्या घरात तू रोज रंगाचे हात घेऊन कशी शिरत असशील असं मनात आलं. तुझी आई खाटेवर बसली होती. कुणीतरी माझं नाव सांगितल्यावर तिने मला जवळ बसवलं. "तूच का गोखले," म्हणाली. "तुजेसंगती भांडून आली का माजी पोरगी दोन घास जास्ती जेवायची. घरात कोनाला भांडाला टाइम नाय." मला हसू आलं आणि मग आवरेना. रडणं म्हणते मी. बाकीच्या बायका मला धरायला लागल्या आणि मला तुझाच राग येत होता, की हे सगळं तू बघत नाहीयेस.

मग शोकसभा. तुझा फोटो, हार, अगरबत्ती. मोठ्या बाईंनी जाहीर केलं की ऑफिसबाहेरचं काचेचं कपाट आता तुझ्या नावाने स्मृतिदालन होणार. वरच्या कप्प्यात तुझा फोटो, खाली तुझ्या मार्गदर्शनाखाली बक्षीस मिळवलेला पाट, बाजूला ग्रॅनाइटची पाटी. सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्या की नाही अशी चुळबुळ झाली. मी पुढच्या रांगेत होते. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी उठलेच नाही. घसा बसलाय अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी मात्र मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "तो पाट सानिकाच्या आईला देऊ या."

"आता तर मुळीच नाही, गोखले मॅडम. तिची म्हणून तेवढी एकच वस्तू आहे आपल्याकडे."

"ती कल्पनाची नाही. त्या बाईंची आहे. त्यांच्या मापाने केलेली आहे."

"भावना समजते मला," त्या म्हणाल्या आणि मला पाणी दिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या वाईट नाहीत गं. तोच तर त्रास आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. इथे सगळे चांगले आहेत, सगळ्यांना तुझ्याबद्दल आदर आहे, आणि त्या आदराने तो पाट कायमचा काचेआड गेला असता. तू जिवंत असताना निदान अर्ज तरी देत होतीस. मेल्यावर तू त्यांच्या बाजूची झालीस.

या शनिवारी शाळा सुटल्यावर मी ड्रॉवर उघडला आणि कपाटाची किल्ली काढली. बावीस वर्षांत मी शाळेतून खडूसुद्धा घरी नेलेला नाही. पाट जुन्या चादरीत गुंडाळला. फाटकाशी शिपायाने विचारलं, "कुठं नेताय मॅडम?" मी म्हटलं, "सानिका कोळीचा पाट आहे. तिच्या आईला द्यायला चाललेय. सोमवारी मोठ्या बाईंनी विचारलं तर हेच सांगा." तो म्हणाला, "बरं." तुझं 'बरं' वेगळं होतं.

सानिकाचा नंबर जुन्या रजिस्टरातून काढून आदल्या दिवशी फोन केला होता. अकरावीला आहे आता, कॉमर्सला. बाजाराच्या तोंडाशी उभी होती. तू गेल्याचं तिला कळलं होतं, शाळेच्या मुलांच्या ग्रुपवर. तिने माझ्या हातातलं ओझं घेतलं आणि पुढे चालायला लागली. मी साडी वर धरून तिच्या मागे. अशा बाजारात मी कधी गेले नव्हते, आमच्या घरात मासे येत नाहीत, तुला माहीतच आहे. खाली सगळं ओलं, बर्फाचं पाणी वाहत होतं.

तिची आई एका उलट्या प्लास्टिकच्या क्रेटवर बसली होती. वर दुमडलेलं पोतं. उजवा पाय बाजूला काढलेला, अंग पिळलेलं. अगदी त्या वहीतल्या चित्रासारखी. दोन वर्षं ती तशीच बसत होती, कल्पना. हे मला कागदावर माहीत होतं. डोळ्यांनी बघितलं तेव्हा माझ्याच गुडघ्यातून कळ गेली.

सानिकाने चादर सोडली. पाट उलटा केला, सुलटा केला, बसायच्या जागेवर हात फिरवला. "मॅडम, दोरी कुठंय?"

"टाकून दिली."

"ठीक आहे मॅडम," ती म्हणाली. मुलं शिक्षकांना म्हणतात तसं.

आईने क्रेट सरकवलं, पाट खाली ठेवला आणि बसली. बसली तशी पुढे घसरली. सनमायका ओला झाला होता. सानिकाने तिला दंडाला धरलं. मग क्रेटवरचं पोतं काढून पाटावर टाकलं आणि ती परत बसली, जपून. उजवा पाय खाचेतून सरळ सोडला. पाठ ताठ झाली. कोयत्यावर हात ठेवून बघितला. "बरोबर हाय माप," लेकीला म्हणाली. "दोरी घरी हाय अजून काकाची. आज बांधून टाक."

मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"त्या चित्रकलेच्या म्हात्रे बाई दोनदा येऊन गेल्या हितं," ती म्हणाली. "आजारी वाटत व्हत्या मागच्या वेळंला. मना बोलल्या, तुमचा पाट आनून देते, थोडं थांबा. मी इचारलं, देत कोन नाय?"

मला हे माहीत नव्हतं. तू इथे आली होतीस, दोनदा, हे तू मला सांगितलं नाहीस.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"बोलल्या, माजी मैत्रीणच हाय. देईल ती." कोयता तिने पायाखाली नीट धरला. "ती तुमीच का?"

समोर गिऱ्हाईक उभं होतं, बोंबिलाचा भाव विचारत होतं. सानिका माझ्याकडे बघत होती. दोन वर्षं जे तुला सांगायला हवं होतं, ते मी भर बाजारात एका अनोळखी बाईला सांगितलं.

"हो," मी म्हटलं. "मीच ती."